सावलीतला उतार

ती वनरक्षक होती आणि कचेरीत सगळे तिला कानबाई म्हणत. तिच्या रानातल्या एका उतारावर सिकाडा नावाचा काळपट, नखाएवढा किडा राहायचा. त्याचं किरकिरणं इतकं बारीक की सहकारी कान टवकारून उभे राहत आणि शेवटी "नाही बुवा" म्हणत. तिला मात्र वीस पावलांवरून कळायचं. बावीस उन्हाळे ती मोजणी करत आली.

या किड्याची पिल्लं सहा-सात वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पिऊन काढतात. माती उन्हाने तापली तरच ती जगतात, म्हणून उतार मोकळा हवा. हे तिने साहेबांना लेखी दिलं होतं.

"अहो, आपलं खातं झाडं लावतं," साहेब म्हणाले. "मोकळी जागा दिसली तर वर काय तोंड दाखवू?"

लागवडीचा हुकूम आला. ती चडफडली, पण मजुरांबरोबर खड्डे तिनेही खणले. रोपं तरारली, उतारावर गारवा पसरला. मोजणीचा आकडा दरवर्षी घसरत गेला आणि एका उन्हाळ्यात तिला काहीच ऐकू आलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बारीक आवाज तुम्हाला आता ऐकू यायचे नाहीत. वय झालं."

ती हसतच बाहेर आली. बाकावर बसलेली मुलगी चक्रावली. "आई, यात हसण्यासारखं काय आहे?"

"अगं, म्हणजे ते असतील. मलाच ऐकू येत नसेल."

दुसऱ्या दिवशी मुलगी रजा टाकून आवाज टिपणारं यंत्र घेऊन आली. भर उन्हात दोघी झाडाझाडाखाली थांबल्या. मुलगी डोळे मिटून ऐकायची, आई तिचा चेहरा न्याहाळायची. यंत्रावरची त्या बारीक आवाजाची रेघ दिवसभर हलली नाही.

"मघाशी ऐकल्यासारखं वाटलं," परतताना मुलगी म्हणाली.

"राहू दे गं," आई म्हणाली.

जमिनीखाली अजून पिल्लं असतील म्हणून झाडं काढायची परवानगी तिने तीनदा मागितली, तीनदा नाकारली गेली. मग एका सकाळी तिने कुऱ्हाड घेतली आणि दुपारपर्यंत एकोणीस झाडं पाडली. नोकरी गेली.

त्याला आता आठ वर्षं झाली. तिथे ऊन येतं, गवत वाढतं. दर उन्हाळ्यात मुलगी एकटीच ऐकायला जाऊन येते. ती दारात चपला काढते, हातपाय धुते, पाणी पिते. आई काही विचारत नाही.