फ्राऊ लांगच्या कुंपणावरचा फ्लेक्स

चहा घ्या आणि सांगतो ते ऐका, पण घरी जाऊन बायकोला सांगू नका. सांगून उपयोगही नाही म्हणा, तिला माझ्या बायकोनं आधीच सांगितलेलं असणार. लोकांचे पचके चार भिंतींत होतात. माझा भर चौकात झाला, तोही रंगीत छपाईत.

आमचं गाव एश्बॉर्नच्या पलीकडे. एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकलनं कामाला जायचं, संध्याकाळी झोपायला परत यायचं. गावात महत्त्वाची माणसं दोनच. एक फ्राऊ लांग, म्हणजे लांगबाई. त्यांची बेकरी, आणि बेकरीमागे एक हॉल. दुसरे हेर क्र्यूगर. ते बिअर-पाण्याचे क्रेट विकतात आणि समारंभाला टेबलं-बाकंही देतात. पूर्वी दोघं दर शुक्रवारी एकत्र पत्ते कुटायचे. मग बर्लिनमधलं राजकारण तापलं आणि त्याची धग इथवर आली. एक या पक्षाकडे, दुसरा त्या. कोण कुठे ते मला विचारू नका, मला अजून ब्रेडही लागतो आणि बिअरही.

पुढे तर असं झालं की लांगबाईंचा पाव खाणारे बिअरसाठी गाडी काढून शेजारच्या गावी जायला लागले, आणि क्र्यूगरांचं गिऱ्हाईक त्याच रस्त्यानं ब्रेडला. शेजारच्या गावाची चांदी झाली.

आमच्या इथल्या मराठी मंडळाला मात्र दोघंही हवे होते. आम्ही गणपती माघात बसवतो, कारण भाद्रपदात निम्मं मंडळ गणपतीसाठी पुण्याला पळतं. हॉल बाईंचा, बाकं क्र्यूगरांची. मी दोघांकडे वेगवेगळा गेलो, दुसऱ्याचं नाव काढलं नाही. दोघंही हो म्हणाले. इथेच थांबलो असतो तर?

पण उपकार झाले आणि फ्लेक्स लागला नाही, हे आपल्यात चालतं का? मी झकास फ्लेक्स करून घेतला. मधोमध बाप्पा. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून दोन गोलांत फ्राऊ लांग आणि हेर क्र्यूगर, नावांसकट, गालाला गाल लावून. आणि उजवीकडे जाकीट घालून, हात जोडून मी. मजकूर सगळा मराठीत, येणारी माणसं आपलीच ना.

“अहो, तुमचा फोटो गणपतीएवढा झालाय,” बायको म्हणाली.

“संयोजक आहे मी,” मी म्हटलं.

फ्लेक्स लावला हॉलच्या कुंपणावर, चौकात. कुंपणावर काहीतरी लावू का, हे मी बाईंना विचारलं होतं. काय लावणार ते त्यांनी विचारलं नव्हतं. त्या बहिणीकडे गेल्या होत्या, आणि क्र्यूगरांनी बेकरीच्या चौकातून जाणंच सोडलं होतं. निवडणूक तोंडावर आलेली. शेजारच्या प्रत्येक खांबावर एकेक उमेदवार हसत होता.

दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याशी बोलू लागले. इतकी वर्षं सकाळच्या ‘मॉर्गन’च्या पुढे न गेलेली माणसं रस्त्यात थांबवून विचारायची, घरातल्या हीटिंगच्या नव्या कायद्याबद्दल तुमचं काय मत? मला वाटलं, चला, अखेर आपण या गावचे झालो. आणि मराठी माणसाला मत विचारलं आणि त्यानं दिलं नाही, असं कधी झालंय? हीटिंगवर दिलं, निर्वासितांवर दिलं, शाळेच्या गळक्या छपरावर दिलं. छपराचं तर मी बघतो म्हणालो.

मग मुलगी शाळेतून आली. “पापा, बिस्ट दु कांडिडाट?”

मी उमेदवार? माझ्या डोक्यात उजेड पडेपर्यंत दाराची बेल वाजली. दारात फ्राऊ लांग, आणि त्यांच्या शेजारी हेर क्र्यूगर.

“आम्ही दोघं बोललो,” क्र्यूगर म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘आम्ही दोघं’ ऐकायला गाव दोन वर्षं आसुसलं होतं, पण कौतुक करायची ती वेळ नव्हती.

“माझं गिऱ्हाईक विचारतंय, मी यांच्या पक्षात कधी गेले?” बाई म्हणाल्या.

“आणि माझं विचारतंय, हा माणूस आमच्या वतीनं हीटिंगवर का बोलतो? हॉल नाही, बाकं नाहीत. गेनाऊ? बरोबर ना, फ्राऊ लांग?”

“गेनाऊ.”

उत्सव दोन दिवसांवर. मंडळातली पोरं नाच बसवून तयार. मी दोघांना आत नेऊन कपाटावरची गणपतीची मूर्ती दाखवली. लांगबाईंनी मूर्तीकडे बोट दाखवलं.

“यांना कोणाची मतं हवी आहेत?”

“कोणाचीच नाही.”

“आल्झो, मग यांना बसू दे. तुम्ही उतरा.”

फ्लेक्स मी स्वतः उतरवला. उत्सव झाला. दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले, पण मोदक एकाच ताटलीतून उचलत होते. खरं सांगतो, मला भरून आलं.

निवडणुकीनंतर बेकरीत गेलो, तर क्र्यूगर तिथे कॉफी पीत उभे. गल्ल्यामागे लांगबाई. त्या मतमोजणीच्या कामाला बसल्या होत्या.

“काही मतपत्रिकांवर लोकांनी हत्ती काढला होता,” त्या म्हणाल्या. “बाद झाल्या.”

क्र्यूगर हसले. मी पाव घेतला, सुटे परत घेतले, दारापर्यंत गेलो. राहवेना.

“आणि माझं नाव कोणी...?”

बाईंनी मनापासून आठवून पाहिलं.

“नाही, हेर पोंक्षे. एकानंही नाही.”