स्वतःचा बर्फ स्वतः वितळवणारा फ्रीज

अक्काला बघायला पुण्याची माणसं आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात हातोडी घेऊन फ्रीजसमोर बसलो होतो.

त्याला कारण होतं. त्या वर्षांत तंजावरच्या बाजारात रोज काहीतरी नवीन येत होतं आणि मला नुकतीच नोकरी लागली होती. या दोन गोष्टी एकाच वेळी घडणं कुठल्याही घराला धोक्याचं असतं. मी स्वतःचा बर्फ स्वतः वितळवणारा फ्रीज घेऊन आलो. जुना फ्रीज आई ठरावीक दिवशी बंद करायची, खाली फडकी पसरायची आणि दुपारभर त्याची सेवा करायची. "ते सगळं आता संपलं," मी जाहीर केलं. "ह्यात बर्फ साठतच नाही." शेजारपाजारची माणसं तो न साठलेला बर्फ बघायला येऊन गेली. आईनं फ्रीजच्या डोक्यावर झालरीचं कव्हर घातलं. त्यावर तिनं स्वतः भरलेला मोर होता. तो बरोबर मध्यभागी दिसावा म्हणून मी ते कव्हर रोज सकाळी ओढून सारखं करायचो. (घरकामातला माझा वाटा एवढाच.)

थोड्याच महिन्यांत फ्रीजरच्या कडेला पांढरं काहीतरी दिसू लागलं.

"व्यंकू, बर्फ धरलाय," आई म्हणाली.

"तो बर्फ नव्हे."

"मग काय, विभूती?"

माझी थोरली बहीण गिरिजा, म्हणजे अक्का, शाळेत पोरांना गणित शिकवायची आणि घरी मला शहाणपण. ती म्हणाली, "कंपनीला कळव." पण कळवायचं म्हणजे बर्फ आहे हे कबूल करायचं. मी स्वतःच निदान केलं. मशीन आळशी झालंय, त्याला जरा कामाला लावलं पाहिजे. मी बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं. मशीन कामाला लागलं. आठवड्याभरात फ्रीजरमध्ये जेमतेम एका डब्याची जागा उरली.

त्यातच पुण्याचं स्थळ आलं. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेली आमची मराठी घरं मोजकी. स्थळ म्हणून कोणी सापडलंच, तर तो मामेभाऊ तरी निघायचा नाहीतर काका तरी. बाहेरची माणसं आली की आमची बोली ऐकून गोंधळायची आणि पुढे काही कळवायचीच नाहीत. अक्का वरून थट्टा करायची, पण शेवटची माणसं गेली त्या संध्याकाळी ती बराच वेळ पाठ वळवून वह्या तपासत बसली होती. हा मुलगा, श्रीकांत, कॉलेजात शिकवणारा होता आणि अक्काला त्याचा फोटो आवडला होता. (तसं ती म्हणाली नव्हती. फक्त "डोळे बरे आहेत" एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे महाकाव्य.)

श्रीकांत आणि त्याची आई जवळच्याच तिरुवैयारुला नातेवाइकांकडे उतरले होते, संध्याकाळी आमच्याकडे यायचे होते. आईनं फणसाचं आइसक्रीम करून डबा रात्रीच फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी पाहिलं, तर डबा भिंतीत चिणल्यासारखा बर्फात अडकलेला.

"ओढ," आई म्हणाली. मी ओढला. डब्याऐवजी फ्रीजच पुढे आला.

मग अक्काचा केस वाळवायचा ड्रायर लावला. फट्‌ आवाज झाला आणि घरातला करंट गेला. मे महिना, पंखे बंद. मी दोशाचं उलथणं बर्फात खुपसून त्यावर हातोडी मारू लागलो.

"आत गॅसची नळी असते," अक्का दारातून म्हणाली. "फुटली तर तुझा फ्रीज कपाट होईल."

मी हातोडी ठेवली आणि उकळत्या पाण्याचं पातेलं आत ओतलं. आणखी एक. मग आणखी एक. बराच वेळ काही झालं नाही. मग बाहेर गाडीचं दार वाजलं. माणसं ठरल्यापेक्षा लवकर आली होती. मी दचकून हातोडी पुन्हा उचलली आणि त्याच क्षणी बर्फाची एक अख्खी लादी सुटून धाडकन जमिनीवर आली.

बाहेर आई म्हणत होती, "यावें, बसावें. पोर आतां येत्ये." पुण्याच्या बाई कोणी बखर वाचून दाखवत असल्यासारख्या ऐकत होत्या. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराखालून पाण्याची धार निघाली, सबंध कूडम, म्हणजे आमचं मधलं दालन, ओलांडून गेली आणि श्रीकांतच्या पायाशी थांबली.

"कावेरीला पाणी आलं वाटतं," तो म्हणाला.

बाई तडक आत आल्या. मी भिजलेल्या लुंगीत, हातात हातोडी, मांडीवर बर्फ. "हे कोण?" त्यांनी विचारलं. आईनं क्षणभर विचार केला. मला शेजारचा म्हणून सांगावं की काय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात अक्का आली. रेशमी साडी, केसांत मोगरा. तिनं पदर खोचला, पाण्यातून सरळ फ्रीजपाशी गेली आणि वरचं फ्रीजरचं दार लावून बघितलं. ते लागेना. दार आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर झालर चेपून बसली होती.

"हे कव्हर रोज कोण ओढतं?" तिनं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोर मध्यभागी दिसत होता खरा. त्यापायी महिनोन्‌महिने दाराच्या फटीतून तंजावरची दमट हवा आत जाऊन गोठत होती.

श्रीकांतनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "तुम्ही डावीकडून हलवा, मी उजवीकडून," तो अक्काला म्हणाला. डबा हळूहळू सुटला. नंतर दोघांनी मिळून जमीन पुसली आणि पुसता पुसता इतकं बोलले, की पुसून झालेली जागा दोनदा पुसली गेली. आइसक्रीमचं तोवर पायसम झालं होतं. ते सगळ्यांनी वाट्या भरभरून प्यायलं. आईची मराठीही दुसऱ्या वाटीनंतर बाईंना कळू लागली.

निघताना बाई म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. हुंडा नको, मानपान नको. एकच अट."

आईनं हात जोडले. "सांगावें."

"हे तिचे बंधू आमच्याकडे आले, की त्यांना बाहेरच्या खोलीतच बसवायचं."

लग्नाला कितीतरी वर्षं झाली. अजूनही पुण्याला गेलो की चहा, नाश्ता, जेवण सगळं मला बाहेरच्या खोलीत आणून देतात. आईला मी सांगून ठेवलंय, की तिकडे माझा मान फार.