पियानोवर बसवलेला गणपती

नीळकंठ कीर्तिकर म्हणजे माझ्या शेजारच्या शामलाचे वडील. आई गेल्यावर त्यांना गिरगावात एकटं ठेवायला तिचा जीव धजेना, म्हणून २०१४ साली तिने त्यांना इथे हॉलंडात, उइटहॉर्नला आणलं. पंच्याऐंशीचा माणूस, इथे घरातही मफलर गुंडाळून बसायचा.

काकांचं तारुण्य मुंबईच्या हॉटेलांत पियानोपुढे गेलं. जॅझची तेव्हा तिथे चलती होती. कुण्या गोवेकर मास्तरांनी अमेरिकन वादकांकडून ब्लूज उचललं आणि काकांना शिकवलं. "ब्लूज डाव्या हातात असतं. तो थांबला की संपलं," असं ते सांगायचे. पुढे हॉटेलांनी बँड बंद केले, काका विमा कचेरीत चिकटले आणि पियानो विकला गेला.

इथे शामलाने इलेक्ट्रिक पियानो आणला, पण भिंतीला भिंत लागलेली, म्हणून हेडफोन. काका तल्लीन होऊन वाजवत आणि मला ऐकू येई ती पट्ट्यांची टकटक. मी हेडफोन मागितला की चिडत. "कानात कोंबून ऐकायची चीज नाही ती. खरा पियानो हवा, समोर माणसं हवीत. एकदा तसं वाजवलं की मी सुटलो."

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या हॉलमध्ये एक जुना पियानो होता. अध्यक्ष शिरीषने काकांना कार्यक्रम दिला. शामलाने पियानो सुरात लावून घेतला, काकांनी उन्हाळाभर सराव केला.

आमच्या मंडळाच्या हुशारीला तोड नाही. सजावटवाल्यांना मखरासाठी नेमक्या उंचीचं काहीतरी हवं होतं. आम्ही पोचलो तर पियानोवर शाल, शालीवर बाप्पा आणि पट्ट्यांच्या झाकणावर मोदकांचं ताट.

"शिरीष, अरे पियानो!" मी ओरडले.

"सॉरी, टीमला सांगायचं राहिलं. पण आता प्राणप्रतिष्ठा झाली, उत्तरपूजेआधी मूर्ती कशी हलवणार? काका, पेटी आहे ना, पट्ट्या त्याच!"

काका आरतीला पेटीवर बसले. पेटीत डावा हात भाता मारतो. काकांचा मधेच भाता सोडून पट्ट्यांवर आला आणि सूर विझला. "वय झालंय," कुणीतरी पुटपुटलं. त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली, शाल निघाली. काका स्टुलावर बसलेही, पण हॉलची वेळ संपली होती आणि रखवालदार किल्ल्या घेऊन उभा होता.

"काका, नेक्स्ट इयर नक्की!" शिरीष म्हणाला.

काकांनी मूर्तीला हात जोडले नाहीत. "रागावलोय मी त्याच्यावर," म्हणाले, आणि गाडीत घरापर्यंत रडले.

जानेवारीत न्यूमोनियाने ते गेले. इथे अंत्यसंस्काराच्या वेळी माणसाच्या आवडीचं संगीत लावतात. तिथली व्यवस्था पाहणाऱ्या बाईने हळूच विचारलं, "ते पियानिस्ट होते ना? मग त्यांचंच एखादं रेकॉर्डिंग लावू या?"

शामलाने माझ्याकडे पाहिलं. त्यांचं वाजवणं रेकॉर्ड करून ठेवायचं कुणालाच कधी सुचलं नव्हतं. बाईने मान हलवली आणि आवाजाचं बटण बंद केलं.