वरून काय दिसतंय

पोळा झाला की पुढच्या रविवारी आमचं सगळं गणगोत जिंतूरकडच्या डोंगरावर जातं. उन्हाळ्यात हाच डोंगर इतका उघडाबोडका असतो की बघवत नाही. पण पोळ्यानंतर यावं. कमरेएवढं गवत, फुललेला तेरडा, सीताफळीला धरलेली हिरवी फळं. फक्त थंडीतच फिरायला निघणाऱ्या लोकांची मला खरंच कीव येते.

पायथ्याला ओढ्याकाठी गोवऱ्यांचा आर पेटवायचा आणि त्यात रोडगे, म्हणजे जाडसर कणकेचे गोळे, भाजायचे, ही आमची रीत. रोडगे सारखे फिरवावे लागतात. म्हणून बायांनी आराजवळ बसायचं, आणि बाप्यांनी पोरांना घेऊन वर जायचं, माथ्यावरच्या देवाला नारळ फोडायचा. मी परभणीला शाळेत अख्खा वर्ग गप्प बसवते, आणि इथं मुकाट वांगी चिरत बसायची.

माझी आत्या याच डोंगराखालच्या गावात दिलेली. आर तिच्यासारखा कुणाला जमत नाही, आणि तेच तिच्या मुळावर आलं. केस पिकले तरी ती एकदाही वर गेली नव्हती. दरवर्षी मामा, म्हणजे तिचे यजमान, खाली येऊन तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायचे. ती विचारायची, "वरून काय दिसतंय हो?" मामांचं उत्तर ठरलेलं. "काय न्हाई. नुसतं गवत हाय."

यंदा कणीक मळता मळता ती मला हळूच म्हणाली, "गुडघे लय कुरकुर करायलेत गं. औंदा न्हाई गेले तर राहूनच जाईल बघ."

झालं, माझं डोकंच फिरलं. उठले आणि मामांच्या हातात चिमटा दिला. "मामा, औंदा तुमी बसा आराजवळ. आत्या वर जायलीय."

"मला काय जमतंय त्यातलं? जळतील की समदे."

"जळू द्या."

"अन् जेवायचं काय मग?"

"ते तुमी बघा."

आत्याच चुळबुळ करायला लागली. "राहू दे गं, पोरं उपाशी राहतील." मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

अर्ध्यावर ओल्या मुरमाची चढण लागते. तिथं ती मटकन खाली बसली. गुडघे दाबत म्हणाली, "बस झालं. इथूनबी दिसतंय की." समोर घाणेरीच्या झुडपाशिवाय काही दिसत नव्हतं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तिनं पदर खोचला, चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि अनवाणी निघाली. मग मलाच तिच्यामागं पळावं लागलं.

माथ्यावर वारा नुसता भणाणत होता. येलदरीचं पाणी लांबवर चकाकत होतं, त्यावरून ढगांच्या सावल्या सरकत होत्या. आत्या पार कडेला जाऊन उभी राहिली. मग बोट करून म्हणाली, "ती चिंच आपलीच न्हवं? म्हंजी ते आपलं रान." सोयाबीनचा तो हिरवा तुकडा तिनं बराच वेळ न्याहाळला. "एवढंसंच हाय व्हय गं," म्हणाली आणि पोरीसारखी हसत सुटली. मलाही हसू आवरेना. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

तेवढ्यात खाली ओढ्याकाठी काळा धूर उठला. "मामांनी गोवऱ्या वाढवल्या वाटतं," मी म्हणाले.

आत्यानं वाकून पाहिलं. "रोडगे जळायलेत," ती शांतपणे म्हणाली आणि गवतात मांडी घालून ऐसपैस बसली. "जळू दे. मला अजून बघायचंय."

आम्ही उतरलो तेव्हा मामा धुरानं लालबुंद डोळे करून बसले होते. रोडग्यांचा कोळसा झाला होता. आत्यानं त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"दिसलं का समदं?" मामांनी खाली बघतच विचारलं.

"दिसलं. पुढच्या साली गोवऱ्या आणायच्या न्हाईत. घरून भाकरी बांधून घेऊ अन् समदेच वर जाऊ. तुमाला दावते वरून काय दिसतंय ते. तुमाला इतक्या साली काय दिसलंच न्हाई."

मामांनी एक काळा रोडगा फोडला, आतला मऊ भाग काढून तिच्या पत्रावळीवर ठेवला आणि म्हणाले, "येतो."