लेकीच्या घरची लाईट

कुणाच्याही घरून निघताना धनसिंग आबा आधी पंखा बंद करायचे, मग चपला शोधायचे. घरमालक त्याच पंख्याखाली बसलेला असला तरी.

लाईटबिल उभ्यानं वाचायचे. बाकीचे सगळे कागद बसून.

चहाची पहिली बशी पिऊन होईपर्यंत कपावर बिस्कीट झाकून ठेवायचे.

भरताची वांगी घेताना दहा वांगी हातात तोलायचे आणि शेवटी पहिलंच घ्यायचे.

गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवायचे, बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

धुळ्याला लेकीकडे जाताना पाण्याची बाटली घरून न्यायचे. दोन लिटरची. परतताना रिकामी.

आबा मूळचे भडगावकडचे. बाविसाव्या वर्षी जळगावला आले, पाइपच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले आणि चौतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. मग शिरसोली रोडवरच्या दोन खोल्यांपुढे त्यांनी एक जुनी, पांढरी, बॅटरीवर चालणारी छोटी कार आणून उभी केली.

"या वयात माणसं काशीला जातात," कोकिळाकाकू शेजारणींना म्हणाल्या. "यांनी गाडी आणली. तीही मोबाइलसारखी, भिंतीला लावायची."

भिंतीला कधी लावायची, याबद्दल आबांच्या मनात शंका नव्हती. रात्री. तरुणपणी गिरणा नदीकाठच्या शेतात पंपाला लाईट यायची ती रात्रीच. कारखान्यातही साहेब सांगायचे, मोठी मशिनं रात्री चालवा, स्वस्त पडतं. रात्रीची वीज स्वस्त, हे आबांना सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं ठाऊक होतं. दोन महिने ते रात्री गाडी लावायचे आणि सकाळी काढायचे. अभिमानानं.

मग बिल आलं. आबांनी ते उभ्यानं वाचलं आणि खाली बसले.

काकूंनी कागद ओढून घेतला. त्या चष्मा न लावता वाचायच्या.

"अहो, सूट तर दिवसाची लिहिली आहे. नवीन मीटरवाल्यांना. नऊ ते पाच."

"छापायची चूक असेल."

"मग खालचा आकडाही चुकूनच छापला असेल. नका भरू."

आबा तडक वीज कार्यालयात गेले. काउंटरवरच्या मुलीनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. "आबा, दिवसा काय असतं?"

"ऊन."

"त्याचीच लाईट बनते आता. दुपारी भरपूर असते, म्हणून स्वस्त."

आबा चालत घरी आले. एप्रिलचं ऊन होतं. जळगावच्या उन्हाला त्यांनी जन्मभर शिव्याच दिल्या होत्या, त्या दिवशी घाम पुसत ते म्हणाले, "बठ्ठं बरोबर शे, सगळं बरोबर आहे. हे ऊन कामाचं निघालं."

तेव्हापासून गाडी नऊ ते पाच भिंतीला आणि आबा सायकलवर. बाजार सायकलवर, बँक सायकलवर, लग्नंसुद्धा सायकलवर. समोरच्या हिलाल पाटलांनी एकदा दारातून हाक मारली, "आबा, गाडी विकली का काय?"

"नाही. जेवते आहे."

"मग फिरते कधी?"

"संध्याकाळी. जेवण झाल्यावर माणूस फिरतोच की."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मध्ये आखाजी आली.

खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. अक्षय्य तृतीयेला सासरी गेलेली लेक माहेरी यायलाच हवी. झोके, गौराईची गाणी, आंब्याचा रस. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. आबांना मयुरी एकटीच. तिला भाऊ नाही, म्हणून मुराळी आबाच.

मयुरीचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. गेल्या तीन आखाजींना ती आलीच नव्हती. एकदा सासूचं ऑपरेशन झालं. एकदा नवऱ्यानं दुकान नव्या जागेत हलवलं. तिसऱ्या वेळी काही कारणच नव्हतं. "जमत नाही, आबा," एवढंच ती फोनवर म्हणाली. हे बिनकारणाचं कारण आबांना वर्षभर दातात अडकल्यासारखं झालं होतं.

या वर्षी ती "पाहू" म्हणाली होती.

"आणल्याशिवाय येऊ नका," काकूंनी बजावलं.

"आणि नाही आली तर?"

"तर रस करणार नाही. दोघांसाठी कोण आंबे पिळत बसेल?"

आदल्या दिवशी गाडी पोटभर जेवली. सकाळी सातला आबा निघाले. धुळे पंच्याण्णव किलोमीटर. त्या उन्हात गाडी दीडशेच्या आसपास धावायची. म्हणजे जाणं जमेल, येणं नाही. पण वाटेत एका हॉटेलपाशी चार्जर असल्याचं त्यांनी विचारून ठेवलं होतं. तिथं पोचले तर चार्जरवर खताची रिकामी गोणी बांधलेली.

"महिनाभर बंद आहे, साहेब," वेटर म्हणाला. "मिसळ सांगू?"

दहाच्या सुमारास ते धुळ्यात मयुरीच्या दारात उतरले. गाडीत छत्तीस टक्के. हातात बाटली. दाराआड मयुरीची बॅग भरून ठेवलेली दिसली आणि आबांचा जीव भांड्यात पडला.

विहीणबाई, कुंदाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. दर वेळी आणायच्या, दर वेळी परत न्यायच्या. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही आबांच्या घरातली जुनी रीत. आबांच्या वडिलांनी पाळली, आजोबांनी पाळली.

जावई प्रेमराज दुकान सोडून आला होता. त्यानं गाडीचे आकडे पाहिले आणि आत जाऊन वॉशिंग मशीनचा प्लग काढला. "आबा, द्या वायर. नऊ वाजून गेले, स्वस्त लाईटची वेळ आहे. आमच्याकडेही नवं मीटर बसलंय."

"नको, नको."

"का?"

"जवाईबापू, लेकीच्या घरचं पाणी घेत नाही आम्ही. मग लाईट कशी घेऊ?"

प्रेमराजला हसू आवरेना. "पाणी आणि लाईट एकच झालं का?"

"दोन्हीचं बिल येतं की."

कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारची अकबरी ऐकत होती. शिलाईचं काम करायची; गळ्यात टेप तसाच. "आबा, मेरे यहाँ लगाओ ना. मी तर शेजारीण. मेरा क्या रिश्ता?"

आबांचा चेहरा खुलला. ते वायर घेऊन भिंतीकडे निघालेसुद्धा. "शाब्बास बेटी! अक्कल पाहिजे माणसाला."

"बेटी बोले ना?" अकबरीनं टेप ओढला. "लो, आता हेही लेकीचं घर झालं."

सगळे हसले. कुंदाबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. मयुरी हसली नाही.

प्रेमराजनं बायपासवरच्या चार्जरला फोन लावला. सणाची गर्दी, पाच गाड्या रांगेत. "मी थांबतो तिथं," आबा म्हणाले. "संध्याकाळपर्यंत होईल. तुम्ही जेवून घ्या." त्यांनी किल्ली उचलली.

मयुरीनं दाराआडची बॅग उचलली आणि आत नेली.

आबा तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. या घराच्या स्वयंपाकघरात ते सहा वर्षांत पहिल्यांदाच आले.

"काय झालं, माय?"

ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. "आबा, तुम्ही गाडीतून उतरता तेव्हा गल्ली आधी तुमच्या हाताकडे बघते. बाटली आहे का. बाटली आहे म्हणजे मयुरीचं अजून काही नाही. कुणाला विचारावंही लागत नाही."

"मी तर रीत म्हणून..."

"माहीत आहे. तुमच्या मनात काही नाही, तेही माहीत आहे." ती वळली. "मागच्या आखाजीला काय कारण होतं, विचारत होतात ना? हेच होतं. आणि आज गाडीही उपाशी नेणार असाल, तर मी येत नाही."

बाहेर अकबरी कुंदाबाईंना काहीतरी सांगून हसवत होती. आबांनी फ्रिजच्या वायरीवरून प्लगपर्यंत नजर फिरवली. चौतीस वर्षं लोक त्यांना फॉल्ट शोधायला बोलवायचे.

"मशीनचा प्लग पंधरा अँपिअरचा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग चालेल."

वायर त्यांनी स्वतः लावली. गाडीवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"व्याही," कुंदाबाई म्हणाल्या, "गाडी बसली पंगतीला. तुमचं काय?"

आबांनी तांब्या मागितला. पहिला पेला उभ्यानंच प्यायले, दुसरा बसून. तिसरा मागितला तेव्हा विहीणबाईंनी तांब्या मागे घेतला. "सहा वर्षांचं एकदम नका पिऊ. आमचा नळ रोज येत नाही."

मयुरीनं बॅग पुन्हा दाराशी आणली.

साडेचारला बापलेक निघाले. उजेड असतानाच जळगाव आलं. काकूंनी आंबे आधीच पिळून ठेवले होते.

त्यानंतर आबांना धुळ्याची चटक लागली. पंधरा दिवसांनी एकदा तरी जायचे, सकाळी पोचायचे, गाडी लावायचे आणि चार वाजेपर्यंत जेवायचे, झोपायचे, कुंदाबाईंशी पत्ते खेळायचे. हरले की म्हणायचे, "चार्जिंग होईपर्यंत काय करणार?" बाटली घरीच असायची.

एकदा त्यांनी मशीनच्या प्लगवर हात ठेवला. तो गरम लागला. इलेक्ट्रिशियनला तेवढं पुरे झालं. लेकीच्या अंगणात गाडीसाठी वेगळा पॉइंट काढायचा, जाड वायरचा, स्वतःच्या हातानं. प्रेमराज म्हणाला, माणूस लावून करू. आबा म्हणाले, मग मी कोण आहे?

पहिल्या रविवारी त्यांनी मीटरपासून अंगणापर्यंत भिंतीवर पाइप बसवला. ओळंबा लावून, सरळ. दुसऱ्या रविवारी वायर ओढली, पेटी बसवली आणि पेरूच्या झाडाजवळ अर्थिंगसाठी खड्डा सुरू केला. दोन फूट झाला. खाली मुरूम लागला, कुदळ उडायला लागली. "पुढच्या रविवारी पहार आणतो," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी आंघोळ करून ते देवासमोर बसले आणि तसेच बाजूला कलंडले. एकसष्ट वर्षांचे होते. बुधवारी गच्चीवर चढून त्यांनी हिलाल पाटलांची टाकी दुरुस्त केली होती.

धुळ्याच्या अंगणात पाइप तसाच आहे, सरळ. पेटीत वायरची तीन टोकं, प्रत्येकावर चिकटपट्टी. अर्थिंगच्या खड्ड्यात भरायला आणलेली मीठ आणि कोळशाची पोती भिंतीला टेकवलेली. खड्डा दोन फुटांचा. आणखी सहा तरी खणायचा होता.