रोह्याच्या गणपतीचा डावा डोळा

"देव झोपलाय ओ मामा," रोह्याच्या मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला.

मी स्टुलावर उभा होतो. हातातला ब्रश अजून ओला होता. समोर पुरुषभर उंचीची मूर्ती. सगळं रंगकाम झालेलं, फक्त वॉर्निश मारायचं राहिलेलं. बाहेर टेम्पो लागला होता, त्यात पेंढा अंथरून झाला होता. आणि हा पोरगेला माणूस खालून मान वर करून मला सांगत होता, देव झोपलाय.

"कुठं झोपलाय?"

"डावा डोळा बघा ना. अर्धा मिटलाय. आमचं मंडळ सगळं धाटावच्या कंपन्यांतलं. नाईट मारून आम्हीच झोपलेले असतो. देव तरी जागा नको?"

त्याच्याबरोबरची माणसं हसली. मी हसलो नाही. पेणमध्ये माझ्या आखणीला कुणी नावं ठेवली नव्हती. ठेवली असती तर मी ऐकून घेतलं नसतं.

आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. कारखान्यात साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, अंगाला रंग मारणारे वेगळे, सोन्याचं काम करणारे वेगळे. सगळ्यांचं झालं की शेवटी आखणीवाला येतो. आधी पांढरं, मग काळं बुबुळ, त्याभोवती तपकिरी रेघ, पापणी, आणि सगळ्यात शेवटी पांढरा बारीक ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती बघायला लागते. तोपर्यंत ती माती नाहीतर प्लास्टर. रेघ ओढताना श्वास धरायचा. माझी शाळा दुसरीपर्यंत. पण माझ्यासारखी पापणी ओढणारा पेणमध्ये दुसरा दाखवा, असं मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो.

आमचे वसंतशेठ, म्हणजे कारखान्याचे मालक, धावत आले. वयाने माझ्याहून बरेच लहान, म्हणून मला मामा म्हणायचे.

"मामा, काय झालं?"

"काय नाय झालं. ह्यांना डोळा कळत नाय."

"मामा, गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाईक हाय म्हणून डोळा बदलू? एकदा काढलेल्या डोळ्यावर मी परत हात टाकत नाय. तुमच्या वडिलांना पण माहीत होतं."

तरी मी स्टुलावरून उतरलो. डोळ्यांचं काम नाकाला नाक लावून होतं, खरं काय झालंय ते लांबून दिसतं. मी दारापर्यंत मागे गेलो आणि वळलो.

गणपतीच्या तोंडावरून माझी बायको माझ्याकडे बघत होती.

हिरा आदल्या पावसाळ्यात गेली होती. कावीळ झाली आणि पंधरवड्यात आटोपलं. तिचा फोटो एकच, लतीच्या, आमच्या मुलीच्या लग्नातला. त्यात फ्लॅश पडला आणि हिचे डोळे मिटले. ती गेल्यावर एकदा चहा पीत बसलो होतो, आणि तिचा चेहरा आठवायला गेलो तर डोळे येईनात. कपाळ आलं, नथ आली, हनुवटीवरचं गोंदण आलं, डोळ्यांच्या जागी कोरं. जन्मभर डोळे काढून खाल्लं मी, आणि घरातलेच डोळे हरवले.

त्या दिवसापासून माझं बूड कुठं टेकेना. घरात बसलो तर वाटायचं, आणखी काहीतरी निसटतंय. मग बाजारातून शाळेच्या पोरांची असते तसली ड्रॉइंगची वही आणली आणि रोज दिसेल ते त्यात काढायला लागलो. मोरीतला हंडा. हिराची मासे कापायची विळी. शेजारीण अंगणात सुकट वाळत घालते ती, आणि त्या सुकटीवर टपून बसलेलं एका कानाचं मांजर. खाली दोन-तीन शब्द लिहायचो, वार आणि काय जेवलो ते. कारखान्यातली पोरं म्हणायची, "मामा बालवाडीत गेले." जाऊ दे म्हटलं.

हिराचं पान मात्र होईना. पेन्सिल धरली की हात आपला गणपतीचेच डोळे काढायचा, मोठे, शांत, कमळाच्या पाकळीसारखे. किती पानं फाडली. आणि आता, जिथं गणपतीचे डोळे काढायचे तिथं हाताने तिचे काढून ठेवले होते. मला न विचारता.

डावा डोळा बारीक. तेच तर मी विसरलो होतो. हिराचं माहेर खाडीकडचं. पोरवयापासून मिठागरावर मीठ ओढलेलं. उन्हाळ्यात त्या पांढऱ्या मिठावर ऊन पडलं की बघवत नाही, सगळी मिठागरातली माणसं डोळे बारीक करून चालतात. तिचा एक डोळा तसाच राहिला. हसली की आणखी बारीक व्हायचा.

"मामा," वसंतशेठ हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही नाय करत तर मी दुसऱ्याला सांगतो. ओलं फडकं मारलं की जाईल, वॉर्निश नाय अजून."

"कोणी हात लावायचा नाय!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बाहेरचा टेम्पोवाला आत डोकावला.

सेक्रेटरी घड्याळ बघत होता. "मामा, माझी सेकंड शिफ्ट हाय. वडखळला आताच गाड्यांची रांग लागलेली. आम्ही पोचायचं कधी?"

"मी बदलून देतो," मी म्हणालो. "पण आधी मला थोडा वेळ पाहिजे. तोवर चहा घ्या."

"आता कसला वेळ?"

"माझा."

पिशवीतून वही काढली आणि स्टुलावर चढून बसलो. मूर्तीचं तोंड हातभर अंतरावर. पेन्सिलीने सुरुवात केली. नाही जमलं. प्लास्टरवर डोळा खोबणीत बसतो, गालाच्या गोलाईवर वळतो. कागद सपाट. पान उलटलं, परत काढला. परत कमळाची पाकळी. मागे चहाच्या कपांचा आवाज, टेम्पोचा हॉर्न, आणि कुणीतरी म्हणालं, "म्हातारा देवाचा फोटो काढतोय वाटतं." दुसरा म्हणाला, "डोळा चुकला म्हणून डोकं फिरलंय." त्यांना काय सांगणार? ह्या पुरुषभर गणपतीत माझी बायको आलीय, थांबा?

मग पेन्सिल फेकली. पेन्सिल माझी नव्हेच. आखणीचा ब्रश घेतला, तोच, काळ्या रंगात बुडवला, श्वास धरला आणि कागदावर पापणी ओढली. एका झटक्यात आली. मग दुसरा डोळा. मग ठिपका. वहीतून ती बघायला लागली.

रंग वाळेपर्यंत पानावर फुंकर मारत बसलो. मग फडकं ओलं केलं आणि मूर्तीचा डावा डोळा मीच पुसला. बदलला. मोठा, टक्क उघडा. दुसऱ्या कुणाला ते करू देणं शक्य नव्हतं. वसंतशेठनी तोवर टेम्पोवाल्याला थोपवून धरलं. शहाणा माणूस.

सेक्रेटरी खूश झाला. "आता कसा, शिफ्टला ताजा आल्यासारखा दिसतोय!"

"व्हय," मी म्हणालो. "आता तुमच्यासारखाच दिसतोय."

गणपती बसल्यावर मी वही घेऊन एसटीने रोह्याला गेलो. लती तिथंच दिलेली. आधी मंडळात जाऊन आलो. मूर्ती छान दिसत होती, लोक हात जोडत होते. तिथं कुणाला काही कमी वाटत नव्हतं. मला तिथं उभं राहवेना. तडक लतीकडे गेलो आणि वही तिच्यापुढे टाकली.

तिने पान बघितलं. पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "बाबा, ही आयच हाय. पण बारीक डोळा उजवा होता तिचा."

"डावा."

"उजवा. मी चुलीशी तिच्या उजव्या अंगाला बसायची. मला रोज दिसायचा तो."

"मी तिच्याबरोबर जन्म काढला. डावा."

"तुम्ही जन्म कारखान्यात काढला, बाबा."

तरी उजवा होता असं मी म्हटलं नाही. आजही आमचा वाद चालू आहे. लती आली की पहिल्यांदा वही काढते, मग भांडण. फोटोत डोळे मिटलेले, त्यामुळे निकाल देणारं कुणी नाही. माझा हात चुकत नाही हे मला ठाऊक आहे. लतीही माझीच मुलगी, तीही मागे हटत नाही.

एवढं मात्र मी त्या दिवशी तिथल्या तिथं ठरवलं. आखणीवाला कधी मूर्ती समोर नसताना डोळा काढत नाही. माणसाच्या बाबतीतही तेच धरावं. समोर आहे तोवर काढून घ्यावं, मग कामाला जावं.

लती उंबऱ्याशी बसून नारळ खवत होती, तोंड फुगवून. मी वहीचं कोरं पान उघडलं आणि पिशवीतून ब्रश काढला.

"आता काय?"

"हलू नको गो."

"किती वेळ, बाबा? तुमची पेणची गाडी जाईल."

"जाऊ दे. दुसरी हाय. तू मान वर कर."