दादाचे तेरा दिवस

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कूलरच्या टाकीत पाणी भरत होते. सकाळचे सव्वासहा वाजले होते. "बेबीताई, या..." एवढंच ती म्हणाली आणि फोन दुसऱ्या कोणीतरी घेतला. पुढचं ऐकायची गरजच नव्हती. नळ तसाच सोडून, पायात चपला अडकवून मी धावत सुटले. प्रताप नगरात माझं घर आणि दादाचं घर यांत दोन गल्ल्यांचं अंतर. सावकाश गेलं तरी चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं चालायला मला आठ महिने जमलं नव्हतं. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, मनोहर. तो आजारी आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी गेले नव्हते, कारण मी त्याच्याशी बोलत नव्हते. घरी परतले तेव्हा टाकी वाहून अंगणभर पाणी झालं होतं.

आज त्याला जाऊन सहा आठवडे झाले. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच लिहायचं असतं. ते मी लिहीनच. पण या लेखात मला एक खोटंही दुरुस्त करायचं आहे. ते मी वीस-बावीस माणसांसमोर बोलले होते, म्हणून चारचौघांतच दुरुस्त करायला हवं.

दादा सावनेरकडे कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. निवृत्त होऊन इथे राहायला आला आणि दुसऱ्याच महिन्यात त्याला त्याचं काम सापडलं. आपल्याकडे घरात कोणी गेलं की दुसऱ्या दिवशी त्या माणसाची गादी, उशी, चादर बाहेर जाते. आमच्या भागात ते सगळं चौकातल्या कडुलिंबाखाली येऊन पडतं. गादीबरोबर काठी जाते, वॉकर जातो, कमोडची खुर्ची जाते. चांगल्या धडधाकट वस्तू, पण मेलेल्या माणसाच्या म्हणून कोणी शिवत नाही. दादा शिवायचा. सकाळी फिरायला म्हणून सायकल घेऊन निघायचा आणि कॅरिअरला जुन्या ट्यूबनं काहीतरी बांधून परत यायचा. मग मागच्या अंगणात ते फिनाइलच्या पाण्यानं धुणं, तीन दिवस उन्हात ठेवणं, ढिले नट आवळणं. वॉकरच्या पायांचे झिजलेले रबर बदलताना म्हणायचा, "याले आधी नवे जोडे घालू, मंग पाठवू सासरी." ज्यांच्या घरी म्हातारं माणूस पडून आहे आणि दुकानातून आणायची ऐपत नाही, अशांकडे ती वस्तू जायची. पार पारशिवनीहून लोक त्याचं घर शोधत येत. वहिनीला सुरुवातीला फार घाण वाटे. मला तर वाटेच, आणि मी ती बोलून दाखवी.

"काहून गा दादा, तुले किळस नाही येत? मेलेल्या माणसाचं आणते ना तू!"

"माणूस मेलं वं बेबे. वॉकर थोडीच मेला?"

कप्पाळ! मी म्हणायची, उद्या तू मेलेल्यांच्या कवळ्याही आणशील. तो गंभीरपणे म्हणायचा, "कवळी दुसऱ्याले बसत नाही ना, नाही तं आणली असती."

त्याचा एक नियम होता. उचललेली वस्तू तो तेरा दिवस कोणाला द्यायचा नाही. कितीही नड असू दे, "तेरा दिवसानं या" म्हणायचा. सुरुवातीला एकदा त्यानं एक वेताची काठी लगेच देऊन टाकली होती. नवव्या दिवशी गेलेल्या माणसाची मुलगी विचारत विचारत दाराशी आली. घरच्यांनी फेकलेली बाबांची काठी तिला परत हवी होती. काठी गेली होती पार गावाला, कोणाकडे तेही नीट ठाऊक नाही. ती मुलगी पायरीवर बसून रडली आणि दादा तिच्यासमोर नुसता उभा राहिला. तेव्हापासून तेरा दिवस. "तेरवी होईपर्यंत माणूस ठिकाणावर नसते," तो म्हणायचा. "आधी फेकते, अन् मंग शोधते." घर ठाऊक असलं तर तेराव्या दिवशी तो स्वतः त्या घरी जायचा. वस्तू उचलली आहे असं सांगायचा नाही, लोकांना ओशाळं वाटतं म्हणून. फक्त विचारायचा, काही हरवलं तर नाही ना? हरवलं म्हणाले की संध्याकाळी वस्तू दारात. नाही म्हणाले की मोकळी. हा नियम मला तोंडपाठ होता. हे मुद्दाम लिहिते आहे, पुढे लागेल.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमचे हे गेले. त्याआधी दोन वर्षं अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली होती, वॉकर धरून घरातल्या घरात चालायचे. हाक मारली तरी स्वयंपाकघरात मला ऐकू येईना, म्हणून त्यांनी आपल्या जुन्या सायकलची घंटी वॉकरला बसवून घेतली होती. कोणाकडून? दादाकडूनच. घंटीला एका बाजूला पोचा होता, त्यामुळे तिचा आवाज खणखणीत नव्हता, ट्रिंग म्हणताना शेवटी घसा खरवडल्यासारखं करायची. दोनदा वाजली की चहा, तीनदा वाजली की लवकर ये. आणि एकदा वाजली की काही नाही, उगाच, मी आहे का घरात ते बघायला. दिवसातून वीस-वीस वेळा ती एक घंटी. मी चिडायची हो! पिठाचे हात घेऊन बाहेर यायची आणि म्हणायची, "काय आहे?" हे म्हणायचे, "काही नाही." एकदा तर मी रागानं म्हटलं, "ती घंटी काढून फेकीन एक दिवस."

फेकलीच. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी गादी नेणाऱ्या पोरांना मी म्हटलं, हा वॉकरही न्या. दीर म्हणाले, "वहिनी, राहू द्या, चांगला आहे." मी ओरडले, "न्या म्हटलं ना!" दारातून बाहेर नेताना तो चौकटीला अडकला आणि घंटी एकदा वाजली. मी आत गेले आणि मोरीत जाऊन उभी राहिले.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. घर रिकामं, कूलरचा तेवढा आवाज. मी चहा टाकला. त्यानं कूलरचा पंप उघडून साफ केला, हात धुतले, चहा प्यायला. मग कपाकडे पाहत म्हणाला, "काहून वं बेबे... काही हरवलं-गिरवलं तं नाही ना तुयं?"

मला तेव्हा काही कळलं नाही, असं मी आजवर स्वतःलाही सांगत आले. खोटं आहे ते. त्यानं तोंड उघडलं त्याच क्षणी मला कळलं. वॉकर याच्याकडे आहे, मागच्या अंगणात उभा आहे, मी हो म्हटलं तर संध्याकाळी परत दारात येईल. आणि मला इतका राग आला... दादाचा नाही. यांचा. असे मध्येच उठून गेले याचा. घंटी ऐकायला येते का म्हणून चौदा दिवस मी कान लावून बसले होते त्याचा. मी म्हटलं, "नाही. काही हरवलं नाही."

"बरं पाहून घेजो. मंग सांगशील."

"नाही म्हटलं ना दादा!"

तो मान हलवून उठला. दारापर्यंत जाऊन परत वळला, मला वाटलं आणखी एकदा विचारतो. पण त्यानं "पंपात कचरा जाऊ देऊ नको" एवढंच सांगितलं.

पुढे भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. दादाकडे महालक्ष्म्या असतात, जेवायला वीस-बावीस मंडळी. सकाळी सांभार, म्हणजे कोथिंबीर, कमी पडला म्हणून मी पिशवी घेऊन खामल्याच्या बाजारात गेले. जुडी हातात घेऊन वास घेत होते, तेवढ्यात मागून ट्रिंग. शेवटी खरवडणारी. मी वळून पाहिलं. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ वॉकर धरून उभे होते. त्यांनी पुन्हा वाजवली तशी आतून त्यांची सून पदराला हात पुसत आली. मी तिला विचारलं, हा कुठून आणला? ती बिचारी खूश होऊन सांगू लागली, "प्रताप नगरच्या भाऊनं देल्ला, काकू. मामाजीचं गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. आता घंटी वाजवून बोलावतात मले."

मी सांभार तिथेच टाकून परत आले. पानं मांडणं चालू होतं, दादा पाट सरळ करत होता. पारशिवनीचे काका, मावशी, वहिनीचं माहेर, सगळे होते. त्या सगळ्यांसमोर मी ओरडले, "माया नवऱ्याचा वॉकर यानं वाटून टाकला! घंटीसकट! मले विचारलंसुद्धा नाही!"

मावशी दादाला म्हणाली, "खरं का रे मनोहर? बहिणीले तरी विचारायचं न बाप्पा." दादानं माझ्याकडे पाहिलं. तो आता सांगेल, मी विचारलं होतं म्हणेल, असं मला वाटलं. तो म्हणाला, "चुकलं माझं." आणि पुन्हा पाट सरळ करू लागला. मी न जेवता निघून आले. त्यानंतर मी कधी गेले नाही. तो दोनदा आला, मी दार उघडलं नाही. बोलायला गेले असते तर खरं बोलावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं होईना. लोक मात्र माझी कीव करत, आणि मी करू देत होते. माय वं, किती गोड लागते ती कीव!

फेब्रुवारीत तो पडला, मग छातीत पाणी झालं. वहिनीचे फोन येत. मी डबा पाठवी, स्वतः जात नसे. मार्चच्या शेवटी वहिनी म्हणाली, "हे विचारून राहिले, बेबीच्या कूलरचा पंप कोणी पाहिला का म्हणून." मी म्हटलं, पाहीन माझं मी. हे आमचं शेवटचं बोलणं, तेही वहिनीच्या तोंडून.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचीही गादी चौकात गेली. कडुलिंबाखाली त्याची ती निळ्या पट्ट्यांची गादी पडलेली मी पाहिली. जवळ काही नव्हतं. त्याची काठी वहिनीनं फेकू दिली नव्हती. त्या दुपारी मी वहिनीजवळ बसले आणि सांगितलं, त्यानं मला विचारलं होतं. वहिनी म्हणाली, "माहीत आहे मले. विचारायले जातो म्हणूनच घरून निघाले होते. महालक्ष्म्यांच्या दिवशी सगळे गेल्यावर मी म्हटलं, काहून चूप बसले तुम्ही? तर म्हणाले, चिडू दे तिले. नवऱ्यावर तं आता चिडता येत नाही."

मला तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अकरा-बारा दिवसांपूर्वी खामल्याची ती सून वहिनीकडे आली. तिचे सासरे गेले. दादानं देताना सांगून ठेवलं होतं, काम झालं की फेकू नका, मले आणून द्या. आणून द्यायला ती आली तर दादाच नाही. वहिनीनं दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर माझ्याकडे पाठवला. आता तो माझ्या व्हरांड्यात उभा आहे. मी त्याला फिनाइलच्या पाण्यानं धुतलं, तीन दिवस उन्हात ठेवलं, खाली नवे रबर घातले. नट आवळायला पाना लागतो म्हणून दादाचाच मागून आणला. घंटीला तेल घातलं, पण वाजवली नाही.

गोपाल नगरच्या एका बाईचा फोन आला होता. तिची आई पडून आहे, चालायला लागेल असं डॉक्टर म्हणतात. मी म्हटलं, गुरुवारी या. का म्हणून विचारलं तर सांगितलं, आमच्याकडे तेरा दिवस ठेवतात. आज अकरावा दिवस. गुरुवारी ती येईल आणि मी वॉकर देणार आहे, घंटीसकट.

त्याआधी सकाळी मी चहा ठेवीन. कूलरचा पंप उघडून ठेवीन. कोणी येणार नाही, मला समजतं, डोकं ठिकाणावर आहे माझं. तरी व्हरांड्यात बसून मी वाट पाहणार आहे, की कोणीतरी कपाकडे पाहत विचारेल, काही हरवलं-गिरवलं तं नाही ना तुयं?

हो गा दादा. हरवलं.